सोयाबीनच्या रानात मका : राणीसावरगावच्या शेतकऱ्याने पेरण्याआधी कोणता हिशेब मांडावा?

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव परिसरात खरीप म्हटले की सोयाबीन, तूर आणि कापूस. मका असतो, पण बहुतेकदा विहिरीजवळच्या चार-दोन तासांत. जनावरांना चारा होतो आणि घरच्यांना भाजून खायला कणसे. पीक म्हणून, विकण्यासाठी म्हणून मका लावायचा हा विचार या भागात नवा आहे. सिल्लोड, भोकरदन, येवला, मालेगावकडे मात्र मक्यावर अख्खा हंगाम चालतो.

हा विचार डोक्यात येण्याचे कारण स्पष्ट आहे. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो आणि बाजारात दर त्याच्या खालीच राहतो. त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. मग 'एखादा एकर मका लावून बघावा का?' हा प्रश्न पडणारच.

थोडक्यात उत्तर असे : लावावा, पण ज्या तुकड्यात पाणी साचत नाही आणि गरज पडल्यास एक-दोन वेळा पाणी देता येते, त्याच तुकड्यात. 'मका काय, कुठेही येतो' हे चाऱ्याच्या मक्याला लागू आहे. दाण्याच्या मक्याला नाही. का, ते पुढे पाहू.

मका अचानक चर्चेत का आला?

कोंबडीखाद्य आणि स्टार्च हे मक्याचे जुने गिऱ्हाईक. तिसरे गिऱ्हाईक आले ते इथेनॉलचे. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखरेचे उत्पादन घटण्याची भीती निर्माण झाली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचे उद्दिष्ट तर गाठायचे होते. त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलला प्रोत्साहन म्हणून लिटरमागे ५.७९ रुपये जादा जाहीर झाले आणि दर ७१.८६ रुपयांवर गेला. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे एका क्विंटलमधून ३८ लिटर, सुमारे २,७३० रुपयांचे. कारखाने मक्याला जास्त भाव देऊ लागले, त्यामागे हे गणित होते.

पण ही गोष्ट इथेच संपत नाही. पुढच्या वर्षी केंद्राने अन्न महामंडळाकडचा तांदूळही इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी देऊ केला. मक्याला स्पर्धक मिळाला. देशभर मक्याची लागवड वाढली, उत्पादन ४ कोटी टनांच्या वर गेले आणि २०२५ च्या खरिपाचा माल बाजारात आला तेव्हा २,४०० रुपये हमीभाव असलेला मका अनेक बाजारांत त्याच्या बराच खाली विकला गेला.

सोयाबीनवाल्यांसाठी यात आणखी एक गोम आहे. मक्याचे इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला व्यापारात 'डीडीजीएस' म्हणतात. त्यात प्रथिने भरपूर असतात आणि तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. कोंबडी आणि जनावरांच्या खाद्यात त्याने सोयापेंडीची जागा घ्यायला सुरुवात केली. पेंडीची मागणी घटली की सोयाबीनचा दर दबतो. म्हणजे राणीसावरगावच्या शेतकऱ्याने मक्याचा एक दाणा पेरलेला नसला, तरी मक्याने त्याच्या सोयाबीनच्या दरात हात घातलेलाच आहे.

इथल्या जमिनीत मका येतो का?

राणीसावरगाव बालाघाटच्या डोंगररांगांच्या पट्ट्यात येते. अशा भागात एकाच शेतकऱ्याच्या रानात वरचा तुकडा मुरमाड आणि खालचा काळा, भारी असतो. मक्याला मध्यम ते भारी आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. मुरमाड तुकड्यात पंधरा दिवसांची उघडीप पडली तरी मका पोंग्यापासून वाळू लागतो, तिथे तो लावू नये. खालच्या काळ्या रानात उलटा धोका असतो. तिथे पाणी साचते.

मक्याचा कोंब, म्हणजे ज्यातून पुढचे प्रत्येक पान आणि शेवटी तुरा निघतो तो वाढीचा शेंडा, पहिले साधारण तीन आठवडे जमिनीच्या आतच असतो. वरून पाने दिसतात, पण झाडाचा जीव मातीत असतो. त्यामुळे या काळात दोन-तीन दिवस पाणी साचून राहिले, तर रोप वरून हिरवे दिसत असतानाच आतून संपते. सोयाबीन अशा चिबड जागेत पिवळे पडते आणि पुष्कळदा सावरते. मका तितका सोशिक नाही.

यावर उपाय म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धत. सोयाबीनसाठी अनेकांनी वापरलेले बीबीएफ यंत्र मक्यालाही चालते. जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जाते आणि कमी झाला तर सरीत मुरते. यंत्र नसेल तर उताराला आडवी पेरणी करून दर काही तासांनी एक सरी मोकळी सोडली तरी फरक पडतो.

एकरात किती झाडे हवीत, आणि ती मोजायची कशी?

बियाणे हेक्टरी १५ ते २० किलो, म्हणजे एकरी ६ ते ८ किलो लागते, हे पाकिटावर लिहिलेले असते. पण पेरलेले बी आणि उगवून टिकलेले झाड यांत मोठी तफावत असते. सोयाबीनला काही रोपे कमी झाली, तर शेजारचे झाड फांद्या फोडून जागा भरून काढते. कपाशीही पसरते. मक्याला ती सोय नाही. एका झाडाला एक चांगले कणीस. झाड गेले की कणीस गेले.

दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर धरले, तर एकरी सुमारे ३३ हजार झाडे बसतात. आता मोजायची सोपी युक्ती. २२ फुटांची दोरी घ्या. ओळीतले अंतर दोन फूट असेल, तर २२ फूट लांबीची एक ओळ म्हणजे ४४ चौरस फूट. एकर असतो ४३,५६० चौरस फुटांचा. म्हणजे ही ओळ एकराचा जवळपास हजारावा भाग झाली. दोरी लावून त्या लांबीत उभी झाडे मोजा. ३३ निघाली तर एकरी ३३ हजार, २४ निघाली तर २४ हजार. रानात पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. दहा मिनिटांचे काम आहे.

ही मोजणी उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत करावी, कारण नांग्या भरायची वेळ तोवरच असते. उशिरा लावलेले रोप मोठ्या झाडांच्या सावलीत अडकते आणि खत-पाणी खाऊनही कणीस देत नाही. एका जागी दोन रोपे आली असतील, तर एक काढून टाकावे. इथे हात आखडतो, पण मक्यात दाटी म्हणजे वांझ ताटे. तिफणीने पेरले तर अंतर सारखे राहत नाही. एक-दोन एकरांचाच प्रश्न असेल, तर वाफशावर टोकण करणे परवडते. बियाणेही वाचते.

इंजिनीअरिंगच्या सवयीने मी याचे सूत्र मांडले : एकरी कणसे × कणसातले दाणे × एका दाण्याचे वजन. कणसात १४ ओळी आणि ओळीत ३० दाणे धरले तर ४२० दाणे. हजार दाण्यांचे वजन २७० ग्रॅम धरले, तर एका कणसात सुमारे ११३ ग्रॅम दाणा. अशी ३० हजार कणसे म्हणजे ३४ क्विंटल. आता झाडे २४ हजार राहिली, कणीस अर्धवट भरून २५० दाण्यांचे झाले आणि दाणाही बारीक, हजाराला २५० ग्रॅम, राहिला, तर हिशेब येतो १५ क्विंटल. बियाणे तेच, रान तेच. उत्पन्न निम्म्याहून कमी.

(जाता जाता : कणसावरच्या दाण्यांच्या ओळी मोजा. १२, १४, १६ अशी सम संख्याच येईल. मक्यात फुलांची जोडी जोडीने मांडणी होते, म्हणून. घरातल्या शाळकरी मुलांना ही पैज लावून बघा.)

दाणे किती भरणार, हे नेमके कधी ठरते?

दोन वेळा. कणसावर किती ओळी येणार हे पेरणीनंतर साधारण महिनाभरातच झाडाच्या आत ठरून जाते. त्या वेळी कणीस डोळ्यांना दिसतही नसते. म्हणून पहिले ३० ते ३५ दिवस तण, उपासमार आणि साचलेले पाणी मक्याला परवडत नाही. पीक गुडघ्याला लागायच्या आत रान स्वच्छ असले पाहिजे.

तणासाठी पेरणीनंतर, उगवणीपूर्वी अॅट्राझीन वापरतात. मक्याला ते चालते, पण सोयाबीन, तूर, मूग यांना ते मारते. मक्यात तुरीचे किंवा सोयाबीनचे आंतरपीक घेणार असाल, तर अॅट्राझीनचा डबा घरात आणूच नका. कोळपणी आणि खुरपणीवर भागवा.

दुसरी वेळ तुऱ्याची. पीक ५० ते ६० दिवसांचे होते तेव्हा शेंड्याला तुरा येतो. ते नर फूल. कणसाच्या तोंडातून रेशमासारखे केस बाहेर पडतात, ते मादी फूल. प्रत्येक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. वाऱ्याने तुऱ्यातले पराग उडून त्या केसावर पडले, तरच तो दाणा भरतो. केस ४२० आणि पराग ३०० केसांवर पडला, तर दाणे ३००. बाकी जागा बोडकी.

तुऱ्यातून पराग गळतो तो साधारण आठवडाभर. या आठवड्यात जमिनीत ओल नसेल तर गोची होते. तुरा पाणी नसतानाही बहुधा वेळेवर येतो, पण केस बाहेर पडायला उशीर होतो. वरात दारात आणि नवरीची तयारी नाही, अशी अवस्था. केस निघेपर्यंत पराग संपलेला असतो. कणसाच्या बुडाकडचे केस आधी बाहेर पडतात आणि टोकाकडचे शेवटी. म्हणून उघडीप सोसलेल्या मक्याची कणसे बुडाला भरलेली आणि टोकाला रिकामी असतात. कणीस सोलल्यावर असे टोक दिसले की 'बियाणे बोगस निघाले' अशी ओरड होते. कधी ते खरेही असते, पण आधी त्या आठवड्यात पाऊस कधी पडला होता हे आठवून बघावे.

आता कॅलेंडर काढा. २० जूनला पेरणी केली, तर तुरा १० ते २० ऑगस्टच्या दरम्यान येतो. मराठवाड्यात पावसाचा खंड नेमका याच सुमारास पडतो. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी पाऊस उशिरा आल्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेल्या मक्याचा तुरा ऑगस्टच्या शेवटी आला, म्हणजे खंडाच्या भर मध्यावर. विहिरीला किंवा शेततळ्याला पाणी असलेल्याने तुषार किंवा सरीने एक पाणी दिले असेल, तर त्याला दाणे मिळाले. नसेल त्याच्या हाती ताटे राहिली.

म्हणूनच सुरुवातीला म्हटले की संरक्षित पाणी नसलेल्या तुकड्यात दाण्याचा मका नको. फार पाणी लागत नाही. तुऱ्याच्या वेळी एक आणि दाणे भरताना, साधारण ७० ते ८० दिवसांनी, गरज पडल्यास दुसरे. पण ते त्या दिवसांत हातात हवे.

एक एकर लावायचा तर तो चौरस तुकड्यात लावा. धुऱ्याच्या कडेने लांबलचक दोन तासे लावली, तर पराग वाऱ्याने भलतीकडेच जातो आणि दाणे विरळ भरतात. बांधावरच्या मक्याची कणसे बोडकी का असतात, याचे उत्तर हेच.

खत किती आणि केव्हा?

शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. सोयाबीनची सवय असलेल्याला नत्राचा हा आकडा मोठा वाटतो, कारण सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र स्वतः मिळवते. मका मिळवत नाही, तो नुसता खातो.

एकरी गोण्यांत सांगायचे तर पेरताना डीएपीची एक गोणी (५० किलो), म्युरेट ऑफ पोटॅश २५ किलोच्या आसपास आणि १५ किलो युरिया. मग ३० दिवसांनी ३५ किलो युरिया आणि ४० ते ४५ दिवसांनी पुन्हा ३५ किलो. म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या पुरून थोडा उरतो. सगळा युरिया एकदाच टाकला, तर पावसाने तो वाहून आणि झिरपून जातो आणि तुऱ्याच्या वेळी, जेव्हा झाडाला खरी भूक लागते, तेव्हा जमीन रिकामी असते. ऑगस्टमध्ये पुरवठा आटतो तेव्हा युरियासाठी रांगा लागतात. दुसऱ्या हप्त्याचा युरिया आधीच घरात असलेला बरा.

युरिया ओल असताना, ओळीच्या बाजूने द्यावा आणि कोळप्याने मातीआड करावा. वरून मुठीने फेकला तर दाणे पोंग्यात पडतात आणि पाने करपतात. मग ते अळीचे काम समजून फवारणी होते, तोही खर्च वाया. चुनखडीच्या जमिनीत कोवळ्या पानांवर पांढरे पट्टे दिसले, तर ती जस्ताची कमतरता असते. अशा रानात पेरणीआधी एकरी १० किलो झिंक सल्फेट द्यावे, मात्र डीएपीत मिसळून नव्हे.

लष्करी अळीचे काय?

मक्याचे नाव काढले की पहिला प्रश्न हाच येतो. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ आढळली. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत ती सोलापूर जिल्ह्यात पोहोचली होती आणि पुढच्या हंगामात राज्यभर पसरली. डोक्यावर उलटा 'वाय' आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात चार ठिपके ही तिची ओळख. पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली की आत अळी आहे असे समजावे.

भीती रास्त आहे, पण घाबरून दर आठ दिवसांनी फवारणे चुकीचे. वाढीचा शेंडा सुरुवातीला जमिनीत असतो हे वर आलेच आहे. त्यामुळे पंधरा-वीस दिवसांच्या मक्याची पाने चाळणीसारखी झाली तरी बहुतेक झाडे सावरतात. खरे नुकसान होते ते पुढे, मोठी अळी पोंग्यात खोल बसून तुरा आणि नंतर कणीस खाते तेव्हा. आणि एकदा अळी मोठी होऊन विष्ठेच्या बुचाखाली बसली, की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून लक्ष ठेवायचे ते लहान अळीवर.

पेरताना बीजप्रक्रिया केलेले बियाणे घ्या. उगवण झाल्यापासून आठवड्यातून दोनदा रानात जा. पाच ठिकाणी २०-२० झाडे बघा, शंभर झाली. शंभरात पाच झाडांवर खुणा दिसल्या, तर ५ टक्के निंबोळी अर्क. दहाच्या पुढे गेल्या आणि अळ्या वाढताना दिसल्या, तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम किंवा स्पिनेटोरम ११.७ एससी लिटरला अर्धा मिली. एकच औषध सारखे वापरू नका, आणि डब्यावरचे लेबल वाचून मगच मात्रा ठरवा. फवारा पानांवर नको, पोंग्यात गेला पाहिजे. त्यासाठी नोझल खाली, झाडाच्या शेंड्यावर धरून संध्याकाळी फवारावे, कारण अळी रात्री बाहेर येते. पानांवर केसाळ आवरण असलेले अंड्यांचे पुंजके दिसले, तर ते तिथेच चिरडा. एका पुंजक्यात शंभर-दीडशे अंडी असतात. तुरा बाहेर पडल्यावर फवारणीचा उपयोग नसतो.

फवारलेला मका लगेच जनावरांपुढे टाकू नका. ही चूक घरोघरी होते, कारण विरळणीची रोपे फेकवत नाहीत.

अळीइतकेच या पट्ट्यात रानडुकरांकडे लक्ष हवे. चहूकडे सोयाबीन आणि मध्ये एकट्याचाच मका असेल, तर दुधाळ कणसाच्या दिवसांत सगळा मोर्चा तिकडेच वळतो. शक्य असेल तर दोघा-तिघांनी लागून लावावा. राखण वाटून घेता येते.

काढणीत काय बिघडते?

मका १०० ते ११० दिवसांत तयार होतो. २० जूनचा मका सप्टेंबरच्या अखेरीस ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. २०२५ मध्ये त्याच दिवसांत पावसाने थैमान घातले. ओली कणसे सोलपटासह ढिगाने पडून राहिली, की आत बुरशी येते आणि दाणे कणसावरच उगवू लागतात. बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबड्यांना घातक असते. त्यामुळे खाद्यवाले असा माल नाकारतात किंवा पडून घेतात.

पीक पक्व झाले हे पाने वाळण्यावरून ठरवू नका. कणसातला दाणा उपटून त्याचे बूड बघा. बुरकुंडाला चिकटलेल्या जागी काळा ठिपका दिसला, की दाण्यात आता भर पडणार नाही. पाऊस समोर दिसत असेल तर तेव्हाच कणसे खुडून, सोलून, छपराखाली पातळ पसरावीत. आकाश स्वच्छ असेल तर आणखी आठ-दहा दिवस उभ्या ताटावर वाळू द्यावीत.

हमीभावासाठी दाण्यातला ओलावा १४ टक्के लागतो. २५ टक्के ओलाव्याचे १०० किलो दाणे १४ टक्क्यांवर आणले, की ८७ किलो भरतात. उरलेले १३ किलो पाणी होते. ओला मका नेल्यावर व्यापारी कडता लावतो तेव्हा राग येतो, पण त्यातला किती भाग पाण्याचा आणि किती मनमानीचा हे ओळखायचे असेल, तर आपल्याला आपला ओलावा माहीत हवा. मीटर नसेल तर एक घरगुती परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून पाच मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा अजून जास्त आहे. चिकटले नाही तर १५ टक्क्यांच्या खाली आला.

मग पैशाचा हिशेब काय?

समजा, तुमच्या रानात सोयाबीन एकरी ७ क्विंटल होते. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने त्याचे ३७,२९६ रुपये झाले. तेवढेच पैसे मक्यातून काढायचे, तर २,४०० रुपये दराने साडेपंधरा क्विंटल मका लागतो. पण दर १,७०० मिळाला तर २२ क्विंटल. आणि वरच्या सूत्रात आपण पाहिले की विरळ, उघडीप सोसलेला मका १५ क्विंटलवरच थांबतो. म्हणजे निष्काळजीपणे केलेला मका चांगल्या दरातही सोयाबीनच्या बरोबरीला येत नाही आणि नीट केलेला मका पडत्या दरातही पुढे जातो. खर्च दोन्हीकडे वेगळा असतो, युरिया आणि फवारणी मक्याला जास्त. तो आपापल्या वहीत मांडावा.

विक्रीची अडचण वेगळी आहे. ज्या बाजारात मक्याची आवक थोडी, तिथे घेणारेही थोडे आणि बोली सैल. एकट्याच्या वीस क्विंटलसाठी गाडी करून दूरच्या बाजारात जाणे परवडत नाही. चार जणांचा माल एकत्र झाला, तर परवडते. शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत खाद्य कारखान्याशी आधीच बोलणे झाले, तर आणखी बरे. दूध धंदा असलेल्यांना तिसरी वाटही आहे : दाणे पिठूळ होत असताना ताटे कणसासकट कापून मुरघास करायचा. तुऱ्याच्या वेळी पाणी हुकले आणि दाणे भरणार नाहीत हे दिसले, तर हीच वाट नुकसान थोडे भरून काढते.

हमीभाव केंद्रावर विकायचे डोक्यात असेल, तर तयारी विक्रीच्या दिवशी नव्हे, पेरणीनंतर लगेच सुरू होते. सातबाऱ्यावर त्या हंगामाचे पीक म्हणून मका दिसला पाहिजे, आणि ती नोंद ई-पीक पाहणीच्या अॅपवरून मुदतीत स्वतः करावी लागते. दरवर्षी सोयाबीनच नोंदवायची सवय असलेल्याचे बोट याही वेळी सोयाबीनवरच जाते. तीन एकर सोयाबीन आणि एक एकर मका असेल, तर दोन्ही क्षेत्रे वेगवेगळी टाका, मक्याच्या तुकड्यात उभे राहून फोटो काढा आणि सातबारा उघडून नोंद आली का ते बघा.

हवामानासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. तुऱ्याच्या आठवड्याआधीच्या शुक्रवारी तो नक्की वाचा. पुढचे पाच दिवस कोरडे दिसत असतील, तर मोटार त्याच रात्री सुरू करायची आहे. पाने सुकायची वाट बघायची नाही.